पहिल्या लेव्हलच्या बाई

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज पण पाहुणे. पुण्याकडच्या पशुखाद्य कंपनीची माणसं. सावंत सरांनी लॅबमधली, काचेपलीकडची यंत्रं दाखवली, मी नेहमीचं बोलले. पहिली लेव्हल : प्रयोग तुम्ही लिहून द्या, यंत्र लिहिल्याबरहुकूम करेल, आकडे पाठवेल. दुसरी : आखणीला आमचा माणूस मदत करेल. तिसरी : तुम्ही फक्त प्रश्न द्या, उत्तर आम्ही शोधू. इतक्यांदा बोललेय की आता तोंड बोलत राहतं आणि डोकं घरी कुठली भाजी उरलीय ते बघत असतं.

पाहुणे गेल्यावर पोर्टल उघडलं. पहिल्या लेव्हलचं एक काम कॉम्प्युटरने चौथ्यांदा परत पाठवलंय. शहापूरचं. नाव वाचून थांबले. शकुंतला भोईर. म्हणजे आमच्या भोईर बाई. बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी शिकवायच्या, आता रिटायर. थेंब मोजून घ्यायची पिपेट हातात पहिल्यांदा दिली ती त्यांनीच.

पहिली लेव्हल लहान कॉलेजांना आणि एकट्यादुकट्या शिक्षकांना फुकट आहे, यंत्र रिकामं असेल तेव्हा. पण तिथे आम्ही कुणाशी बोलत नाही. ठरलेला मजकूर जातो, 'आपल्या सूचनांत त्रुटी आहे, कृपया तपासून पुन्हा पाठवा.' कुठे त्रुटी, कसली, ते सांगायचं नाही. सांगितलं की ती दुसरी लेव्हल होते. चारही वेळा तो मजकूर माझ्याच नावाने गेलाय. मी वाचलंसुद्धा नव्हतं कुणाला जातोय ते.

गुडघा दुखतोय. नवऱ्याच्या शाळेत परत कसलंतरी सर्वेक्षण, दिलीप माझ्याहून दमलेला. दोघं जेवून लगेच आडवे झालो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर जाऊन बाईंना फोन केला. कमल वहिनींनी घेतला. बाईंच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ वारला, तेव्हापासून दोघीच राहतात. म्हणाल्या, "बाईंचा हात लय हालतो आता, फोन धराय होत नाय. मी लावते कानाला, तुमी बोला."

बाईंना मी आठवले नाही. बॅच सांगितली, लग्नाआधीचं आडनाव सांगितलं. म्हणाल्या, खूप मुली होत्या गं. वाईट वाटायचं कारण नव्हतं, तरी वाटलं.

प्रयोग मात्र सगळा सांगितला, न थांबता. वैशाखरे गावच्या एका शेतात कुजणाऱ्या पेंढ्यात त्यांना एक जिवाणू सापडला होता, नोकरीत असतानाच. त्याच्यातलं एन्झाईम पेंढा मऊ करतं, त्यातली साखर सोडवतं. पण गरम ठेवलं तरच. बाईंना ते गोठ्यातल्या साध्या पाण्यात चालायला हवंय, म्हणजे उन्हाळ्यात नुसता पेंढा खाणाऱ्या गुरांच्या अंगी काही लागेल. म्हणून त्या जनुकाची थोडी थोडी बदललेली रूपं यीस्टमध्ये घालून बघायची. यीस्ट बनवण्याचं काम आमच्या यंत्राने ऑक्टोबरातच केलंय. ते ठरीव काम, त्यात लिहिण्यासारखं फार नसतं. अडलंय ते पुढच्या तपासणीपाशी.

रविवारी येते म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. एक रविवार असतो.

३० नोव्हेंबर, रविवार

दिलीपने मोटारसायकलवर सरळगाव-किन्हवली मार्गे सोडलं. वाटेत म्हणाला, पगाराचं काम करतेस ते करतेस, वर हे फुकटचं.  हेल्मेटमधून बोलायचा कंटाळा.

बाईंचं घर शहापूरच्या अलीकडे, स्लॅबचं, बाजूला वहिनींचा गोठा. दोन गायी, एक वासरू. बाई ओटीवर बसलेल्या. उजवा हात मांडीवर, डाव्याने दाबून धरलेला, तरी हलतोच. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. पेल्यात चहा अर्धाच ओततात, भरला की सांडतो. वहिनी परत अर्धा आणून देतात. 

सूचना बघितल्या. एका बोटाने टाइप केलेल्या, कुठे शून्य दोनदा पडलेलं, कुठे मिलीलिटरचं मायक्रोलिटर. बाईंना चूक कळत होती पण स्क्रीनवर नेमकी सापडत नव्हती, बोट भलतीकडे पडायचं. मी दुसऱ्या लेव्हलचं सुचवलं. आमचा माणूस आखून देईल. बाई नको म्हणाल्या. आखणी त्यांच्या डोक्यात तयार आहे, अडलंय ते हातापाशी. आणि हाताचं काम यंत्र करणार ना, मग?

शेवटी त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. दुपार त्यातच गेली. मधे एकदा मला सुजाता म्हणाल्या. ती आमच्या पुढच्या बॅचला होती, फार हुशार. मी दुरुस्त केलं नाही.

नियमाने हे लेव्हल दोनचं काम झालं. माझ्या रविवारचं आहे, कुणाला सांगायची गरज…

२ डिसेंबर, मंगळवार

कॉम्प्युटरने काम स्वीकारलं. इरफानभाईंनी नळ्या लावल्या. आमचे ऑपरेटर तेच, यंत्रं बसली तेव्हापासूनचे. काचेतून जरा वेळ बघितलं. यंत्राचा हात प्लेट उचलतो, ठेवतो, परत उचलतो. मी या कंपनीत लागले ती हाताने काम करायला. आता पिपेटला शिवून किती वर्षं झाली असतील. बोटं टायपिंगने दुखतात तेवढी.

५ डिसेंबर, शुक्रवार

बाईंचे आकडे आले. सगळे कोरे. साखर सुटली तर प्लेटच्या खळग्यात तांबूस रंग यायला हवा होता. एकातही नाही. जसं आहे तसं पाठवायचा नियम, पाठवलं.

संध्याकाळी त्यांचा फोन. वहिनींनी धरला असणार, गाय हंबरलेली ऐकू आली. बाईंनी विचारलं, कारण काय असेल. मी म्हटलं, पहिल्या लेव्हलला कारण कुणी बघत नाही, फक्त आकडे जातात. हे मी बाईंना सांगितलं. ज्यांनी आम्हाला प्रत्येक फसलेल्या प्रयोगाखाली कारण लिहिल्याशिवाय सही दिली नाही, त्यांना.

त्या मग म्हणाल्या, "पेंढ्याच्या भुकटीची नळी फेकली नसेल तर बघ. तळाशी काय उरलंय तेवढं सांग मला."

६ डिसेंबर, शनिवार

नळी कचऱ्याच्या डब्यात जायची होती, इरफानभाईंकडून मागून घेतली. तळाशी पेंढ्याची भुकटी जशीच्या तशी. वर स्वच्छ पाणी. यंत्राने वरचं पाणीच उचललं आणि सगळ्या खळग्यांत घातलं. यीस्टला पेंढा मिळालाच नाही.

घ्यायच्या आधी नळी हलवायची असते. ते सूचनांत नव्हतं. बाईंनी सांगितलं नाही, मी टाइप केलं नाही. आम्ही दोघींनी शेकडो वेळा नळी हलवून घेतली असेल, पण हलवतो हे लिहायचं असतं असं डोक्यात आलं नाही. हात आपोआप करायचा.

बाईंना कळवलं. हसल्या. पहिल्यांदाच त्यांना हसताना ऐकलं. म्हणाल्या, माझा हात तर आता हलवण्याशिवाय दुसरं काही करत नाही, आणि तेवढंच नेमकं लिहायचं राहिलं.

मला हसू आलं नाही. पण बरं वाटलं.

१० डिसेंबर, बुधवार

सूचना दुरुस्त करून टाकल्या. दर वेळी नळी हलवावी, मगच घ्यावं, पिपेटच्या रुंद तोंडाच्या टोकाने, भुकटी अडकू नये म्हणून. रांगेत नंबर लागलाय. यंत्र रिकामं होईल तेव्हा.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सावंत सरांनी बोलावलं. पुण्याची कंपनी ठरली. जानेवारीपासून सगळी यंत्रं त्यांच्या कामाला. पहिली आणि दुसरी लेव्हल बंद, फक्त तिसरी राहणार. लहान ग्राहकांना कळवायचा मजकूर मी लिहायचा.

सर वाईट नाहीत. त्यांचे डोळेपण तांबारलेले होते. ही जागा चालू ठेवायची तर मोठं गिऱ्हाईक हवं, हे ते गेलं वर्षभर सांगतायत. मी ऐकत होते, पण…

मग त्यांनीच बाईंचा विषय काढला. परत येणाऱ्या कामावर त्यांचं लक्ष होतं. मी रविवारी शहापूरला गेले तेही कुठून तरी कळलेलं. रागावले नाहीत. म्हणाले, कंपनीला पेंढ्याच्या कामात रस आहे. बाईंनी यीस्ट आणि प्रश्न आपल्याकडे सोपवला तर तिसऱ्या लेव्हलने घेऊ. बाईंवर काही भार नाही. आपली माणसं लागतील, हवं तेवढं यंत्र मिळेल, सहा महिन्यांत नीट उत्तर. अहवालात बाईंचे आभार. पण सोपवलं की सोपवलं, मग पहिल्या लेव्हलचं ते रांगेतलं काम रद्द. एकच वस्तू दोन ठिकाणी चालणार नाही असं कंपनीचं म्हणणं.

वाईट बोलणं नाही हे. मला वाटतं चांगलंच आहे. तरी घरी येताना तेच घोळत होतं.

१४ डिसेंबर, रविवार

परत शहापूर, या वेळी एसटीने. बाईंना सगळं सांगितलं, काही न वगळता. वहिनी दाराशी वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

बाईंनी विचारलं, उत्तर येईल का. येईल म्हटलं. कसं आलं ते मला दिसेल का. नाही, अहवाल दिसेल. मधे काही फसलं तर? ते ती माणसं बघतील.

वहिनी म्हणाल्या, "मंग द्या की बाई. आमी गवत कापतो तवा कुणी कापला ते गाय इचारते काय? तिच्या पोटात गेला म्हंजे झाला."

बाई रागावतील असं वाटलं. नाही रागावल्या. कमलचं बरोबर आहे म्हणाल्या. मग बराच वेळ गोठ्याकडे बघत होत्या.  मग माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, "उत्तर बरोबर आलं तर ते त्यांचं. चुकलं तर कुठे चुकलं ते मला कळणार नाही. मग मी त्यात कुठे आहे, सांग मला."

 विचार करून कळवते म्हणाल्या.

एसटीत बसायला जागा मिळाली, झोप लागली. उठले तर मुरबाड आलेलं.

१७ डिसेंबर, बुधवार

दिवसभर 'कळवण्यास खेद होतो' लिहीत बसले. खेद कुणाला होतो ते त्या मजकुरात कुठेच नाही. कॉलेजांची नावं एकेक करून टाकली. बाईंचं नाव आलं तेव्हा थांबवलं, मग दुपारनंतर तेही टाकलं. नियम एक ठेवायचा.

संध्याकाळी बाईंचा फोन. स्वतः धरलेला, आवाज जवळ येत होता, लांब जात होता. एवढंच म्हणाल्या की पहिल्या लेव्हलचंच काम होऊ दे, एकदा बघू.

मी म्हटलं, यंत्र रिकामं होणार नाही कदाचित. कंपनीच्या चाचण्या सुरू झाल्यात.

"मग विचारून बघ गं," म्हणाल्या.

दिलीपला सांगितलं. तो म्हणाला, म्हातारी हट्टी आहे. मग जरा वेळाने, भांडी विसळता विसळता, विचारून बघ म्हणाला. त्याचे दोन शब्द कधीकधी पुरतात.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सावंत सरांना सरळ विचारलं. आडून काही करायची ताकद नाही आता. सांगितलं, बाईंना तिसरी नको, त्यांचं रांगेतलं काम तेवढं होऊ द्या. सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. कंपनीला हे आवडणार नाही म्हणाले. बाईंनी पुढे मन बदललं तर कंपनी तेव्हा घेईलच असं नाही, हे त्यांना समजावलंय का. समजावलंय म्हटलं.  मग म्हणाले, २८ तारखेच्या रविवारी यंत्रांची साफसफाई आहे, त्या दिवशी ती सुरू व्हायच्या आधी जे होईल ते करून घ्या.

इरफानभाई त्या दिवशी येणारच आहेत. मला यावं लागेल. अजून एक रविवार.

२८ डिसेंबर, रविवार

बाई आल्या. मी बोलावलं नव्हतं. वहिनींबरोबर जीपने किन्हवलीमार्गे, डोक्याला शाल गुंडाळून. गेटवरच्या माणसाने सरांना फोन केला. पाहुण्यांना आत घेतो ते तिसऱ्या लेव्हलच्याच. सर सोडा म्हणाले.

काचेसमोर खुर्ची ठेवली. आत बाईंच्या नळ्या लागलेल्या. यंत्राने पहिली नळी उचलली, हलवली, मग टोक आत गेलं. बाई पुढे वाकल्या. दुसरी नळी, हलवली. तिसरी. प्रत्येक वेळी नळी हलली की बाईंचा चेहरा… मला तो लिहिता येत नाही. हात शालीत होता.

वहिनी थोड्या वेळाने बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसल्या, उन्हाला. बाई जागच्या हलल्या नाहीत. मी त्यांच्या शेजारी उभी, गुडघा बोंबलत होता, खुर्ची आणायचं सुचलं नाही. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "फार कंटाळवाणं आहे गं हे बघायला." मग म्हणाल्या, "मी करायचे तेव्हा तुम्हाला असंच वाटायचं का?"

खरं सांगितलं. हो, वाटायचं. त्यांनी मान हलवली, उत्तर बरोबर आल्यासारखी.

निघताना इरफानभाईंना नमस्कार करायला हात शालीबाहेर काढला. तो जोडता आला नाही नीट. इरफानभाईंनी आपणच पुढे होऊन दोन्ही हातांत धरला.

३० डिसेंबर, मंगळवार

आकडे आले. सकाळपासून उघडायला धजत नव्हते. या वेळी कोरे नाहीत. बरीचशी रूपं फिकी, पण एका रूपाला रंग आलाय. साध्या पाण्याच्या तपमानाला. ते रूप तीन खळग्यांत घातलेलं. दोन तांबूस, तिसरा कोरा.

दोन हो म्हणतायत, एक नाही. याला हो म्हणत नाहीत. तिसऱ्यात यीस्ट मेलं असेल, किंवा पहिल्या दोन्हींत बाहेरचं काही शिरलं असेल. परत केल्याशिवाय कळणार नाही. आणि परत करायला परवापासून पहिली लेव्हल नाही.

नियमाप्रमाणे नुसते आकडे पाठवले. मग गेटबाहेर जाऊन फोन केला. मला वाटलं बाई खचतील. त्या म्हणाल्या, तिसऱ्या खळग्याचा आकडा परत वाच. वाचला. परत वाच. परत वाचला. मागे वहिनी विचारत होत्या, झाला का, झाला का. बाई त्यांना म्हणाल्या, "नाही गं. पण काहीतरी आहे."

१ जानेवारी, गुरुवार

पोर्टलवरून पहिली आणि दुसरी लेव्हल काढली. मीच बटण दाबलं. उद्यापासून माझं काम तिसऱ्या लेव्हलचे अहवाल नीटनेटके करायचं. पगार तोच. खुर्ची खिडकीजवळ मिळाली.

सावंत सरांनी बाईंचे आकडे बघितले होते. म्हणाले, आता तर द्यायलाच हवं त्यांनी, कंपनीला सांगतो. कंपनी थांबेल असं त्यांना वाटतं. फार दिवस नाही थांबणार असंही वाटतं.

४ जानेवारी, रविवार

म्हसा गावची जत्रा सुरू. दिलीप मित्रांबरोबर गेला, मी नाही गेले. घरी झोपायचं ठरवलं होतं. अकराच्या सुमारास वहिनींचा फोन, बाईंना बोलायचंय.

सरांचं म्हणणं सांगितलं. बाई म्हणाल्या, देईन. नाही कुठे म्हणतेय. पण आधी ते तीन खळगे परत करून बघायचेत. आपल्याला जे माहीत नाही ते दुसऱ्याच्या गळ्यात कसं घालायचं. आणि कंपनी तोवर थांबली नाही तर? मग नाही थांबली, म्हणाल्या.

पण करणार कुठे, कसं? कॉलेजच्या लॅबमध्ये. सगळं साहित्य आहे, जैवसुरक्षा समितीची परवानगी आहे, ऑक्टोबरात आमच्याकडून गेलेल्या त्या यीस्टची एक नळी तिथल्या फ्रीझरला आहेच. फक्त पिपेट धरायला हात हवा. वहिनींना धरायला लावून बघितली म्हणे, पाणी भरून, दोन दिवस. वहिनी मागून ओरडल्या की माझा अंगठा थिजतो, गायीचं दूध काढणं सोपं.

 बाईंना काय विचारायचंय ते मला कळलं होतं. त्यांनी विचारलं नाही. मीही येते म्हटलं नाही.  शेवटी म्हणाल्या, बरं, जत्रेला जाऊन ये, आणि फोन ठेवला गेला.

झोप लागली नाही.

८ जानेवारी, गुरुवार

पहिला अहवाल नीट करून दिला. तेहेतीस पानं, रंगीत आलेख. कुणी केलं, कसं केलं, मधे काय फसलं, एक शब्द नाही. सर म्हणाले, छान झालंय. खरंच छान झालं होतं.

जेवताना इरफानभाईंच्या टेबलावर जुनी पिपेट पडलेली दिसली, यंत्रं यायच्या आधीची. हातात घेतली. पाण्याच्या ग्लासात बुडवून अंगठा दाबला, सोडला. पहिल्यांदा बुडबुडा आला. दुसऱ्यांदा पण. मग नाही आला. इरफानभाई डबा खाता खाता बघत होते.

संध्याकाळी वहिनींचा फोन. बाईंनी प्राचार्यांकडून येत्या रविवारी लॅब उघडून ठेवायचं कबूल करून घेतलंय. "तुमाला सांगू नको म्हणाल्या," वहिनी म्हणाल्या, "म्हनून सांगते."

दिलीपला शहापूरचं अजून बोलले नाहीये. रविवारी त्याच्या मावशीकडे जायचं ठरलंय, तिला पण कळवलेलं आहे. गुडघ्याला तेल लावलं. उद्या बघू.